साळवेमामांची झोप

सकाळी मी पिठाच्या गिरणीचं शटर वर करायला आणि साळवेमामा रात्रपाळी करून घरी यायला एकच वेळ व्हायची. मामा मालगाडीवर गार्ड होते. दौंडात आमच्या गिरणीच्या भिंतीला लागूनच त्यांची खोली. म्हणजे मामा झोपायला जाणार तेव्हाच माझा पट्टा सुरू होणार. दुसरा कुणी असता तर रोज भांडला असता. मामा मात्र दारात थांबायचे, हातात हिरवा झेंडा असल्यासारखा उजवा हात हलवायचे आणि म्हणायचे, "सोड गाडी, सुभाष! लाईन क्लिअर हाय!" मीही हसत बटण दाबायचो.

मी एकदा म्हटलं, "मामा, दुपारपर्यंत गिरणी बंद ठेवू का?" तर माझ्यावरच उखडले. "आन् लोकांनी काय गहू फुटाण्यावानी खायचं?" झोपेविषयी त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "झोप मालगाडीवानी असती बघ. तिला टाइमटेबल न्हाई. लाईन मोकळी घावली तर येती, न्हाईतर बसती टेसनाभाईर आउटरला उभी." सुमनमामी बिचारी ते उठेपर्यंत कुकर लावत नसे, कारण शिट्टी झाली की मामा दचकून उठून बसत. पण कुकर थांबवता येतो, गिरणी कशी थांबणार?

शेवटी मामांनी डॉक्टरांकडून झोपेच्या गोळ्या घेतल्या. डॉक्टरांनी थोड्याच दिवसांसाठी दिल्या होत्या. पण चिठ्ठी तीच राहिली, मेडिकलवाला ओळखीचा, आणि पट्टी संपली की आणून द्यायला मी होतोच. आवाज माझा, तेव्हा एवढं तरी करावं, असं मला वाटायचं. आधी मामा अर्धी गोळी घेत, मग एक, मग कधी दोन. मामी कुरकुरली की म्हणायचे, "अगं, दारू न्हाई, तंबाखू न्हाई. एवढीशी गोळी काय करतीय?" त्यांना पूर्वी मोठी कावीळ होऊन गेली होती. ती ना त्यांनी डॉक्टरांना सांगितली, ना मला सांगायचं सुचलं.

त्या दिवशी मामा लागोपाठच्या ड्यूट्या करून आले. डोळे लाल, पाय ओढत होते. दारात थांबले नाहीत, हातही केला नाही. मामी केडगावला बहिणीकडे गेलेली. मला फार वाईट वाटलं. मी गिरणी सुरूच केली नाही. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला "पट्टा तुटलाय, उद्या या" असं सांगून परत पाठवलं. मोठ्यानं बोलणाऱ्या एका बाईला तर मी दटावलंसुद्धा. दुपारी खिडकीतून डोकावलो. मामा उजव्या कुशीवर, हात अंगाखाली दाबून, मोठ्यानं घोरत होते. घोरण्यात घरघर होती. मला वाटलं, झाली एकदाची लाईन मोकळी! दिवस कलताना पुन्हा पाहिलं. तीच कूस, तोच हात. आवाज जरा मंद झाला होता. "आज देवानं झोप दिली," असं म्हणून मी पाऊल न वाजवता मागे फिरलो.

मामी दिवेलागणीला आली आणि तिच्या किंकाळीनं सगळी आळी जमली. मामा उठेचनात. ओठ निळसर पडले होते, उजवा हात खांबासारखा सुजला होता. त्यांना पुण्याला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "या गोळ्यांनी नुसता मेंदू झोपत नाही, श्वासही मंदावतो. काविळीनं लिव्हर आधीच दुबळं, त्यामुळे गोळ्या अंगात साचत गेल्या. दिवसभर एका कुशीवर पडून हाताचे स्नायू दबले, मेले. त्यांचं विष किडनीत उतरलंय." मग त्यांनी विचारलं, "दुपारी कुणीच हाक मारली नाही का? हलवलं असतं, तरी लक्षात आलं असतं." मामी रडत म्हणाली, "घरात कुणी नव्हतंच वो." मी तिच्या शेजारीच उभा होतो.

मामा शुद्धीवर आले, घरीही आले, पण किडन्या गेल्या त्या गेल्याच. एकदा मी उशाशी बसलो असताना म्हणाले, "एका गोळीनं झोप न्हाई लागली म्हणून दुसरी घेतली. मग घेतली का न्हाई तेच आठवंना, परत घेतली. पण सुभाष, त्या दिशी गिरणी बंद ठिवलीस ना रं माझ्यापायी? मला समजलं. सख्खा भाऊ करणार न्हाई एवढं केलंस." सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं, की मामा, मी दोनदा पाहिलं आणि उठवलं नाही. पण त्यांचे डोळे भरून आले होते. मी नुसतं पांघरूण सारखं केलं. पावसाळा सरायच्या आत मामा गेले.

तेव्हापासून आमच्या घरात कुणी दिवसा झोपलं की मी हाक मारतो. ओ येईपर्यंत मारतो. बायको वैतागते, मुलं चिडतात. चिडू देत.

मामी अजून दळणाचा डबा घेऊन येते. गिऱ्हाइकं जमली असली की नव्या माणसाला हमखास सांगते, "आमच्या ह्यांची झोपमोड होऊ न्हाई म्हणून ह्यानं दिवसभर गिरणी बंद ठिवली हुती. असला शेजार मिळत न्हाई बाई." सगळ्या बाया माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी घाईघाईनं बटण दाबतो. पुढचं काही ऐकू येत नाही.