भाऊजींची आपोआप मोटार

आमच्या भाऊजींइतका काळजीखोर माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वडनेरजवळ त्यांची ओलिताची शेती होती. इतर लोक आपली काळजी देवावर टाकून मोकळे व्हायचे. भाऊजींनी ती तारांवर टाकली. रेडिओ दुरुस्तीचा कोर्स त्यांनी टपालानं केला होता, आणि वर्ध्याला गेले की भंगारवाल्याकडून जुन्या रेडिओंची आतडी पिशवीभर घेऊन यायचे. गोठ्यातल्या टाक्याचं पाणी संपलं की स्वयंपाकघरात घंटी वाजायची, वावरातली माती सुकली की ओसरीवर लाल दिवा लागायचा. मातीत खुपसायला ताईचे दोन चमचे गेले. "माह्ये चमचे वावरात काऊन?" असं तिनं विचारलं, तर म्हणाले, "कपाशी बोलत नाई ना वो!" एकदा म्हशीनं टाक्यातला, घंटीला जोडलेला तरंगता डबाच ओढून काढला आणि घंटी थांबेना. जेवायला बसलेले पाहुणे खरकट्या हातानं गोठ्याकडे धावले; सर्वांत पुढे भाऊजी, पांढरेफटक. घंटी वाजली की पाण्याची काळजी, नाही वाजली की घंटी बिघडल्याची.

ऐंशी सालानंतर विजेची लाइन कधी जाईल, कधी येईल याचा नेम राहिला नाही. मग भाऊजींनी एक पेटी केली: लाइन आली की विहिरीवरची मोटार आपोआप सुरू. गाव बघायला आलं. भाऊजींचं मात्र जेवण कमी झालं.

त्या उन्हाळ्यात मी सुट्टीला गेलो होतो. दुपारी पंपाचा पट्टा निसटला. लाइन नव्हती. भाऊजी पाना आणायला बांधापलीकडच्या निंबाखाली गेले, आणि मी उत्साहानं पट्टा चाकावर चढवू लागलो. तेवढ्यात पेटी किणकिणली. मी हात तसाच ठेवून कौतुकानं पाहत राहिलो.

"हात काढ! हात काढ रे बापू!"

भाऊजी अनवाणी, तुरीच्या खुंटांवरून पळत येत होते. मी हात ओढला. मोटार गरजली आणि पट्टा फटकन तुटून माझ्या कानाजवळून गेला.

मोटार बंद करून भाऊजी माझ्याकडे वळले. माझा हात घेऊन त्यांनी बोटं मोजली. पुन्हा मोजली. त्यांच्या तळपायातून रक्त येत होतं, त्याचा त्यांना पत्ता नव्हता.

संध्याकाळी ताईनं सांगितलं, ती किणकिण त्यांनी आठच दिवसांपूर्वी बसवली होती. मोटारीआधी अर्धा मिनिट वाजणारी. कशाला? तर, "चाकावर उंदीर-बिंदीर बसला असन, तं उठून जाईन." घरादारानं तेव्हा त्यांना हसून घेतलं होतं. मी आभार मानायला गेलो, तर ते एकच धरून बसले: "फ्यूज काऊन नाई काढला म्या?" दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी काढून टाकली, आणि पुढे कायम स्वतः चालत जाऊन मोटार सुरू केली.

त्यानंतर भेट झाली की भाऊजी बोलता बोलता माझा उजवा हात हातात घ्यायचे. म्हातारपणी त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली. शेवटच्या भेटीत त्यांनी मला विचारलं, "तुमी कोनाचे?" मी सांगितलं. त्यांना काही उमगलं नाही. पण माझा हात ओढून घेतला, आणि एकेका बोटावरून सावकाश अंगठा फिरवत राहिले.