मोहितेचा बाऊल आणि सईच्या चिठ्ठ्या

ऑफिसच्या फ्रीजमध्ये बेवारस डबे साठत जातात ना, तसेच आमचे किस्से साठलेत. कधी ठेवले, कुणी ठेवले, कुणालाच आठवत नाही. पण झाकण उघडलं की अख्ख्या मजल्याला कळतं! त्यातले निम्मे एकट्या मोहितेचे आहेत. डबेही आणि किस्सेही.

आम्ही वागळे इस्टेटमध्ये प्लास्टिकची झाकणं बनवतो आणि दुपारी चौघं एका टेबलावर जेवतो. मी डोंबिवलीहून येते, क्वालिटी बघते, म्हणजे दिवसभर नाक मुरडायचा पगार घेते. लताताई पॅकिंगच्या सुपरवायझर, कोलशेतच्या कोळी. गोखले काका रिटायर झाले, निरोप समारंभात सगळ्यांना रडवलं, शाल-श्रीफळ घेतलं आणि सोमवारी पुन्हा डिस्पॅचच्या खुर्चीवर हजर! चौथा मोहिते, आमचा स्टोअर इन्चार्ज. कल्याणला राहतो, गाव साताऱ्याकडे.

गेल्या वर्षी मोहितेची बायको वंदना गेली. तीन आठवड्यांच्या आजारात सगळं आटोपलं. घरात उरले मोहिते आणि अकरावीतली सई. वंदना आणि सई मिळून मोबाइलवर कोरियन सिरीयल बघायच्या आणि दर रविवारी तो कोरियन चिकन राइस बाऊल मागवायच्या: खाली चिकट भात, वर लाल तिखट-गोड चिकन, बाजूला आंबवलेला कोबी. "एकदा घरी करू गं," असं वंदना म्हणायची. ते राहूनच गेलं.

आई गेल्यावर सई एकटीच बाऊल मागवायची आणि खोलीचं दार लावून खायची. बापाशी बोलणं "हो" आणि "नाही" एवढंच. मोहितेला त्या बंद दाराची धास्ती बसली होती. एका दुपारी त्याने टेबलावर जाहीर केलं, "मॅडम, मी तो बाऊल घरी करणार."

आता, वंदनाने वीस वर्षांच्या संसारात त्याच्या हातचा चहा एकदाच प्यायलेला. त्यानंतर गॅसच्या आसपास फिरकायचं नाही असा आदेश निघाला होता, आणि तो कधीच मागे घेतला गेला नाही.

"करा करा," मी म्हणाले. "अडचण फक्त भाताची आणि चिकनची आहे!"

*

पहिल्या रविवारी भातच आडवा आला.

रेसिपीत लिहिलं होतं, भात चिकट हवा. मोहितेच्या घरात बासमती. माणूस स्टोअरचा, आहे त्या मालात काम भागवायची सवय. त्याने तांदळात वाटीभर साबुदाणा ढकलला आणि सहा शिट्ट्या काढल्या.

त्याने बाऊल सईच्या दाराबाहेर ठेवला. तासाभराने तो तिथेच होता. दोन घास कमी, आणि वर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली: "नाही."

ही पिवळी चिठ्ठी आमच्याच स्टोअरमधून गेलेली. रिजेक्ट मालावर चिकटवायची!

उरलेलं फेकायचं कसं, म्हणून मोहितेने ते ऑफिसला आणायचं ठरवलं. पण सोमवार शंकराचा, मी खात नाही. मंगळवार देवीचा, लताताई खात नाहीत. म्हणजे रविवारचा बाऊल बुधवारी. कोरियात म्हणे पदार्थ मुरवून खातात, तर आमचा तीन दिवस फ्रीजमध्ये मुरलेला होता.

लताताईंनी चमचा उभा केला. तो उभाच राहिला.

"अरं मोहिते," त्या म्हणाल्या, "ह्या भातावर होरी चिकटवली तर भरतीला पन हलायची नाय!"

गोखले काका लांबून बघत होते. ते शुद्ध शाकाहारी, पण मत द्यायला कधी मागे नाहीत. "मी हे खात नाही," ते म्हणाले, "म्हणूनच माझं मत निःपक्षपाती समजा. वाईट आहे."

*

मग त्या लाल मिरचीच्या पेस्टचा प्रश्न आला.

ठाण्यातल्या एका मोठ्या दुकानात ती मिळते असं मी सांगितलं. मोहिते घोडबंदर रोडला जाऊन घेऊन आला. घरी डबा उघडला, वास घेतला आणि त्याचा चेहरा पडला. पेस्ट आंबलेली! माणसाचं आयुष्य माल तपासण्यात गेलेलं. तो तडक रिक्षा करून परत दुकानात.

"खराब माल आहे. बदलून द्या."

दुकानातल्या मुलीने दुसरा डबा उघडून दाखवला. तोही आंबलेला. तिसराही!

"सर, ते तसंच असतं," ती म्हणाली.

"म्हणजे अख्खा लॉट गेला?" मोहिते हळहळला. "मॅडम, तुम्ही कंपनीला कळवा."

तीन डबे उघडून, एकही न घेता, दुकानाची सेवा करून साहेब घरी आले. ही गोष्ट त्याने आम्हाला छाती फुगवून सांगितली. मी त्याला समजावलं की ती पेस्ट मुद्दाम आंबवतात. तो माझ्याकडे इतक्या किवेने बघायला लागला की मीच विषय बदलला.

शेवटी लताताईंनी घरचा मसाला दिला. मे महिन्यात कुटलेला, कोळीवाड्यातला. "दोन चमचे टाक, बस," असं बजावून दिला. मोहितेच्या घरी वंदनाच्या वापरातला एकच मोठा चमचा गॅसजवळ लटकलेला असतो, आमटी वाढायचा डाव. त्याने दोन डाव टाकले.

त्या रविवारची चिठ्ठी थोडी ओली होती. तिच्यावर एकच शब्द: "पाणी."

*

कोबीचा किस्सा गोखले काकांच्या खात्यावर टाकायला हवा.

"आंबवलेला कोबी म्हणजे शेवटी लोणचंच," काकांनी निकाल दिला. "आणि लोणच्याला ऊन दाखवावं लागतं. आमच्याकडे पूर्वापार तसंच आहे."

मोहितेने तीन गड्डे चिरले, मीठ-मसाला लावला आणि बिल्डिंगच्या गच्चीवर, जुन्या साडीवर पसरून टाकले. एप्रिलमधलं कल्याणचं ऊन! संध्याकाळी वर गेला तर कोबीचं वाळवण झालेलं. तीन गड्ड्यांचं मिळून ओंजळभर.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या बोर्डावर सूचना लागली: "सभासदांनी गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे घालण्यास हरकत नाही. कोबी घालू नये."

मोहितेने तो वाळलेला कोबी तळला. वाया कसा घालवायचा! गोखले काकांनी बुधवारी तो वरणभातासोबत कुरकुरत खाल्ला आणि म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो ना, ऊन दाखवायला हवं."

सईची चिठ्ठी मात्र त्या आठवड्यात जरा लांबलेली. "हे काय आहे?" तीन शब्द आणि वर प्रश्नचिन्ह! मोहिते ती चिठ्ठी पाकिटात घालून फिरत होता. प्रगती आहे, म्हणाला.

*

श्रावण आला. मोहितेच्या घरात श्रावणात कोंबडी शिजत नाही, वंदनाने कधी शिजू दिली नाही. पण रविवार चुकवायचा कसा? त्याने चिकनऐवजी सोयाबीनच्या वड्या घातल्या. एव्हाना भात जमायला लागला होता, पेस्टही त्याने मुकाट्याने आणली होती. आंबलेलीच.

बाऊल दाराबाहेर गेला आणि परत आला. चिठ्ठी: "श्रावण कोरियात नसतो."

या वेळी कोंबडी नाही, म्हणून डबा सोमवारीच ऑफिसात आला. गोखले काकांनी आयुष्यात पहिल्यांदा तो बाऊल चाखला. एक घास खाल्ला, मग दुसरा. मग डबा स्वतःकडे ओढला आणि आम्हाला पाठ केली.

"काका, तुमचं निःपक्षपाती मत?" मी विचारलं.

"जेवताना बोलू नये," काका म्हणाले.

पुढचे तीनही सोमवार काकांनी आमचा चमचासुद्धा डब्याला लागू दिला नाही. श्रावण संपला तेव्हा त्या टेबलावर दुःख झालेले ते एकटेच होते!

*

एव्हाना मोहितेच्या अंगात कोरिया भिनला होता. त्याने चॉपस्टिक आणल्या. जेवणाच्या सुट्टीत तो त्या काड्यांनी झाकणांचे रबरी वॉशर उचलायची प्रॅक्टिस करायचा. दोन महिने! आधी मोठे वॉशर, मग लहान, मग मोड आलेले मूग. लताताई म्हणायच्या, "ह्यो मानूस आता भरती यायच्या आदीच नावेत बसून कोरियाला निंगंल." तेव्हापासून त्या मोहितेला "कोरियाचा पावना" म्हणायला लागल्या.

शेवटी एका रविवारी त्याने बाऊलसोबत दोन जोड्या ठेवल्या, दार वाजवलं आणि म्हणाला, "सई, मी पण शिकलोय. एकत्र बसूया?"

दार उघडलं. सईने काड्या बघितल्या, बापाकडे बघितलं.

"बाबा, आई आणि मी हातानेच खायचो," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बुधवारी मोहितेने हे सांगितलं तेव्हा मी तोंडावर आलेला टोमणा गिळला. त्याने काड्या रुमालाने पुसून ड्रॉवरमध्ये ठेवल्या. मला फार वाईट वाटलं, आणि त्या दिवशीचं चिकन चांगलं झालं होतं हे सांगायचं राहूनच गेलं.

*

वंदनाचं वर्षश्राद्ध नेमकं रविवारी आलं. आम्ही तिघं कल्याणला गेलो.

स्वयंपाकघर मोहितेच्या मोठ्या बहिणीच्या, आक्कांच्या ताब्यात होतं. वडे, खीर, भाज्या, सगळं त्यांच्या हुकमाने. सईने हळूच विचारलं, "आत्या, आईच्या पानाशेजारी बाऊल ठेवायचा? तिला आवडायचा."

"श्राद्धाच्या पानाजवळ कोंबडी?" आक्का कडाडल्या. "मी मेल्यावर काय ते कर!"

सई खोलीत गेली. दार लागलं.

आम्ही पान घेऊन गच्चीवर गेलो. तीच गच्ची, कोबीवाली. पान कठड्यावर ठेवलं आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळा आला, पण पाण्याच्या टाकीवर बसला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पानाला शिवायचं नावच नाही.

"वंदनाच्या मनात काहीतरी राहिलंय," आक्का म्हणाल्या. "बोल तू, शब्द दे तिला."

मोहितेने हात जोडले. "सईला हवं तेवढं शिकवीन."

कावळा ढिम्म.

"गावच्या घराचं छप्पर बदलीन."

कावळ्याने पंख खाजवला.

"तंबाखू सोडीन!"

कावळ्याने सरळ पाठ फिरवली.

"यावर विश्वास बसण्यासारखं नव्हतंच," गोखले काका माझ्या कानात म्हणाले.

मोहिते टाकीकडे बघत नुसताच "वंदे... वंदे..." म्हणत राहिला. मला तिथे उभं राहवेना.

तेवढ्यात जिना चढून सई आली. हातात बाऊल, गरम! मोहिते पहाटेच उठून शेजाऱ्यांच्या गॅसवर करून आला होता. आक्कांच्या भीतीने तिथेच झाकून ठेवलेला, आणि शेजारच्या काकूंनी गरम करून गुपचूप सईच्या हातात दिला. आक्कांनी तोंड उघडलं, तोवर सईने तो पानाशेजारी ठेवलाही.

कावळा टाकीवरून थेट उतरला. पानाकडे बघितलंही नाही, सरळ बाऊलवर! चिकनचा एक तुकडा उचलला. आक्कांनी डोळे मिटून हात जोडले.

कावळ्याने तुकडा चोचीत धरला, मान तिरकी केली, क्षणभर विचार केला. मग तुकडा टाकून दिला. चोच कठड्यावर या बाजूने घासली, त्या बाजूने घासली, टुणकन उडी मारून पानावर गेला, आक्कांचा वडा उचलला आणि उडून गेला.

कुणी कुणाकडे बघेना.

"बाबा," सई म्हणाली, "आईचं पण 'नाही'च आलं!"

आणि ती हसायला लागली. इतकी हसली की खालीच बसली. मोहिते तिच्याकडे बघत राहिला, मग तोही हसायला लागला, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत. वर्षभरात आम्ही त्याला हसताना पाहिलं नव्हतं. आक्का एकदा बाऊलकडे आणि एकदा भावाकडे बघत होत्या.

मोहितेने पुढच्या रविवारीही बाऊल केला. बुधवारी मी आणि लताताई नेहमीसारख्या डबा न आणता टेबलावर बसलो. आणायचा कशाला, मोहितेचा असतोच! मोहिते आला. हात रिकामे.

"बाऊल कुठं हाय रं?" लताताईंनी विचारलं.

मोहितेने पाकिटातून पिवळी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

"उरलेलं ऑफिसला नेऊ नका. मी आल्यावर खाईन. तुम्ही पण थांबा."