गॉडफ्रेच्या टॅबला आशीर्वाद

वसईतल्या सांडोरच्या गॉडफ्रे लोपीसला निवृत्तीनंतर वाचनाचा छंद लागला, आणि त्यापाठोपाठ ज्याच्यावर वाचायचं ते यंत्र सुधारायचा. दुसरा छंद इतका वाढला की पहिल्याला वेळ उरला नाही.

त्याने घेतलेला वाचायचा टॅब बाजारातला सगळ्यात स्वस्त होता. त्यावर मराठी जोडाक्षरं फुटून दिसत. प्रार्थनेत खुद्द ख्रिस्ताचे तुकडे पडत. कंपनीने नवीन व्हर्जन काही काढलं नाही. स्वस्त वस्तू विकल्यावर कंपनी मागे वळून बघत नसते. मग गॉडफ्रेने इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांनी फुकट बनवलेलं फर्मवेअर, म्हणजे टॅब चालवणारी आतली प्रणाली, शोधलं. ते चढवताना टॅब दोनदा मेला, दोनदा उठला. दुसऱ्या वेळी बायको शर्ली म्हणाली, "आता दाराला टेकू लाव त्याचा. तेवढा तरी उपयोग."

अखेर जोडाक्षरं जुळली, आणि गॉडफ्रेने जाहीर केलं की ऑक्टोबरात मरियेची मूर्ती घरोघरी फिरत आपल्याकडे येईल तेव्हा रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, तो स्वतः या टॅबवरून चालवेल. हा मान वर्षानुवर्षं शेजारच्या पास्कलचा. पास्कल झेरॉक्सच्या पुस्तिकेवरून वाचत असे.

"बॅटरी गेली तर?" पास्कलने विचारलं.

"तर तू आहेसच की."

हे वाक्य गल्लीने जपून ठेवलं. टॅब फसला, तर गॉडफ्रेला पुन्हा कोणी पुढे बसवणार नव्हतं.

मूर्ती यायची होती त्या रविवारी, चर्चमधल्या मिस्सानंतर, फादर जेन्सन गल्लीतल्या डेरिकच्या नव्या स्कूटरला आशीर्वाद देत होते. गॉडफ्रेने स्कूटरच्या सीटवर टॅब ठेवला.

"हे काय?"

"नवीन फर्मवेअर, फादर."

फादरांनी वसईत होड्यांपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळ्याला आशीर्वाद दिलेला होता. त्यांनी टॅबलाही दिला. मात्र पवित्र पाण्याच्या बाबतीत त्यांचा हात सढळ होता.

दुपारी टॅबची पानं आपोआप उलटू लागली.

"या व्हर्जनमध्ये टचचा घोळ आहे," गॉडफ्रे म्हणाला.

"घोळ कसला? चार्जिंगच्या भोकात पानी गेलंय. चमकतंय बघ."

"शर्ली, ते पवित्र पाणी आहे."

"मग? पवित्र असलं म्हनून सुकं असतं का?"

पवित्र पाण्याने काही बिघडतं, हे मान्य करायला गॉडफ्रे तयार नव्हता. त्याने मागचं व्हर्जन चढवलं, मग त्याच्या मागचं, मग पुन्हा नवीन. पानं सगळ्यांत सारख्याच निष्ठेने उलटत राहिली. टॅब तांदळात पुरायचा शर्लीचा उपाय त्याने अशास्त्रीय म्हणून फेटाळला.

संध्याकाळी मूर्ती आली, गल्ली आली, फादरही आले. पास्कल शर्टाच्या खिशात पुस्तिका घेऊन शेवटच्या रांगेत बसला. त्याची नम्रता लांबूनही दिसत होती.

माळ सगळ्यांना पाठ असल्यामुळे निभावली. त्यानंतरच्या लितानीत मात्र मरियेची एकेक नावं वाचावी लागतात. गॉडफ्रे एक नाव वाचेपर्यंत पान पुढे पळे. लोक डोळे मिटून बसलेले. तो थांबला की ते दर नावाचं ठरलेलं उत्तर देत.

"अरे, थांब जरा!" गॉडफ्रे टॅबला म्हणाला.

"आम्हांसाठी विनंती कर," गल्ली म्हणाली.

"मागे जा रे बाबा!"

"आम्हांसाठी विनंती कर."

फादरांनी डोळे उघडले. "गॉडफ्रे, बिघडलं काय?"

शर्लीने नवऱ्याकडे पाहिलं. सत्य सांगितलं तर गॉडफ्रेची अब्रू वाचत होती आणि फादरांची जात होती.

"फर्मवेअर, फादर," तो म्हणाला. "चूक माझीच. आशीर्वाद व्यवस्थित लागला होता."

पास्कल उठला. वाटेत कोणाच्या पायाला धक्का लागू नये म्हणून फार सावकाश पुढे आला, आणि राहिलेली लितानी त्याने खणखणीत आवाजात पूर्ण केली.

निघताना फादरांनी टॅब हातात घेतला, उलटा धरला, हलवला. बोटावर एक थेंब आला. त्यांनी तो झग्याला पुसला.

"पुढच्या वेळी," ते हळूच म्हणाले, "मी लांबूनच क्रूसाची खूण करीन."

"नाही, फादर," गॉडफ्रे म्हणाला, "व्हर्जनचाच दोष होता."

आणि दुसऱ्या दिवशी, कोणाला संशय नको म्हणून, त्याने फर्मवेअर बनवणाऱ्या त्या अनोळखी लोकांकडे रीतसर तक्रार केली.