लग्नपत्रिकेतलं हवामान

तुमच्या आईच्या लग्नाची तारीख मी थर्मामीटर पाहून ठरवली.

हसू नका. त्यामागे शिस्तशीर विचार होता. (माझ्या सगळ्याच गोंधळांमागे शिस्तशीर विचार असतो. तुमचे आजोबा म्हणायचे, बिनविचाराने केलेला गोंधळ संध्याकाळपर्यंत तरी आवरतो, हिचा आवरत नाही.) आपल्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून मुहूर्त, पंचांग सगळं सुटलं. फार चांगलं झालं. पण मग तारीख कशावरून ठरवायची? बाकीची मंडळी सरळ सोयीचा रविवार धरतात. मी इंग्रजीत एम.ए. केलेली बाई, मला कारण लागतं!

तेव्हा आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. आजोबा वीज केंद्रात शिफ्टला जायचे, मी शाळेत इंग्रजी शिकवायची. मागच्या पडवीत माझं थर्मामीटर टांगलेलं असे. त्याआधीचं एटापल्ली गाव सोडताना तिथल्या मैत्रिणींनी निरोपाची भेट म्हणून दिलेलं. (द्यायचं होतं भिंतीवरचं घड्याळ, पण दुकानात हेच शिल्लक होतं.) तुमची आई आकडे वाचायला शिकली ती त्याच्यावर. रोज संध्याकाळी मी ओट्यापाशी पोळ्या लाटत विचारायची, "आज किती?" ती स्टुलावर चढून आकडा सांगायची आणि मी पिठाच्या हाताने आलेखाच्या कागदावर ठिपका द्यायची. पुढे स्टूल लागेनासं झालं, ती कॉलेजात गेली, पण "आज किती?" काही सुटलं नाही. ब्रह्मपुरीचं स्थळ पक्कं झालं त्या संध्याकाळीही मी विचारलं आणि तिने सांगितलं. मात्र आवाज जरा बारीक होता. माझाही असावा.

ब्रह्मपुरीची तुमची आजी, म्हणजे माझ्या विहीणबाई, तारीख ठरवायला आल्या तेव्हा पाय पसरून निवांत बसल्या आणि म्हणाल्या, "आमचं काई म्हननं नाई, बाई. धान घरात आलं, आता काम नाई. तुमी म्हणान थो दिवस."

मी त्यांच्यापुढे आलेख पसरला. "हे बघा. मार्चअखेरपर्यंत आपल्याकडे ऊन बेताचं असतं. पावसाचा प्रश्नच नाही. मार्चचा शेवटचा रविवार, संध्याकाळी, मोकळ्या मैदानात."

विहीणबाईंनी कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला. "चांगली हाये डिझाइन," म्हणाल्या. "सोटरवर विणली त छान दिसन."

इथवर ठीक होतं. पण मी तिथे थांबले असते तर ही आठवण तुम्हाला लिहावी लागली नसती. मी लग्नपत्रिकेच्या मजकुराखाली एक ओळ घातली. ती अशी : "टीप – विवाहसमयी हवा सुखद राहील."

छापखानेवाल्याने चष्मा वर केला. "मॅडम, हे खालचं काऊन छापून राह्यले?"

"पाहुण्यांना माहिती असावी."

"अवो, लोकं आहेर आणू नोका म्हणून छापतात. जेवाची वेळ छापतात. हवेचं त कोनीच नाई छापत!"

"मग आपण पहिले," मी म्हणाले. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता!

पत्रिका वाटून झाल्या आणि ऊन आलं.

ऊन म्हणजे कसलं! मार्चच्या मध्यावर मे उगवला. दुपारी रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा नळाखाली जाऊन बसायचं आणि नळाचं पाणी अंगावर पडलं की भाजून पळायचं. माझा ठिपका आलेखात चढत चढत कागदाच्या वरच्या काठाला लागला. मला वर दुसरा कागद चिकटवावा लागला. रेडिओवरचा माणूस सांगायचा, मार्चमधले आजवरचे उच्चांक मोडतील, उष्णतेची लाट आहे, नंतर वादळी पावसाची शक्यता. मी म्हणायची, "तो नागपूरचं बोलतोय." लाट आपल्याकडेही आली तेव्हा मी म्हणाले, "अर्धं खरं झालं म्हणून उरलेलं अर्धं खरं होईल असं नाही."

शेजारच्या रामटेकेबाई रोज कुंपणावरून विचारायच्या, "मॅडम, सुखद हवा कवा सुरू होते जी?"

आजोबांचा विश्वास वीज केंद्राच्या चिमणीवर. धूर सरळ गेला की हवा स्थिर, वाकला की वारा, बसला की काहीतरी होणार. लग्नाच्या आदल्या दिवशी ते चहाचा कप घेऊन अंगणात उभे होते. "धूर बसला," म्हणाले. "मांडववाल्याले सांगू का, ताडपत्री टाक म्हणून?"

"मार्चमध्ये? ताडपत्री? आत माणसं शिजतील!"

"मॅडम, धूर..." (घरातसुद्धा ते मला मॅडमच म्हणायचे.)

"धूर म्हणजे शास्त्र नव्हे."

"बरं," आजोबा म्हणाले. त्यांचं हे "बरं" तुम्ही ऐकलेलं नाही. त्यात फार काही मावत असे. मी अजूनही कधीकधी एकटी असताना तसं म्हणून बघते. जमत नाही.

लग्नाच्या दिवशी मी उन्हाशी पूर्ण तयारीनिशी लढायला उतरले. आळीतल्या घराघरातून कूलर मागून आणले आणि मांडवाभोवती पहारेकऱ्यांसारखे उभे केले. कैरीचं पन्हं पिंपभर केलं. चंद्रपूरहून लाकडाच्या भुशात गुंडाळून बर्फाच्या लाद्या मागवल्या. लाद्या वाटेतच वितळल्या, भुसा मात्र व्यवस्थित पोचला. वंदनेच्या मेणबत्त्या खोलीतल्या खिडकीत ठेवल्या होत्या. दुपारी पाहते तर सगळ्या कमरेत वाकलेल्या, जणू आमच्या आधीच वंदन करून मोकळ्या झाल्या होत्या. आणि शेवटी उन्हाचा राग येऊन मी मांडववाल्याला हुकूम सोडला, "वरचं कापडसुद्धा काढून टाका. वारा खेळू दे."

"वरचं बी?" तो म्हणाला. "मंग मांडव काय राह्यला, बाई? बांबूच त राह्यले."

"बांबू पुरेत!"

वरात ब्रह्मपुरीहून बसने आली. पुरुषांच्या डोक्याला ओले दुपट्टे, बायकांचे पदर कपाळापर्यंत, आणि लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात नाहीतर कमरेला एक कांदा. बसचं दार उघडलं तसा तो वास आमच्या अत्तरदाणीवर चालून आला. (अत्तरदाणी हरली.) विहीणबाई उतरल्या, कमरेचा कांदा चाचपला, हातातली पत्रिका वाऱ्यासाठी पंख्यासारखी हलवली आणि टिपेवर बोट ठेवून म्हणाल्या, "काऊन वो बाई, सुखद म्हनते ते हेच का?"

सगळी वरात हसली. मीही हसले. पण आत तुमची आई पांढऱ्या साडीत घामाने भिजून बसली होती. मी पदराने तिचं कपाळ टिपलं तर म्हणाली, "आई, लग्न तेवढं चांगलं व्हायला हवं." एवढंच. हसं माझं झालं तर चालणार होतं, तिच्या लग्नाचं व्हायला नको होतं.

बुद्धमूर्तीपुढे त्या वाकड्या मेणबत्त्या लावल्या. त्रिशरण, पंचशील झालं. नवरानवरी हार घेऊन समोरासमोर उभे राहिले, आणि कूलर बंद पडल्यासारखी अचानक सगळीकडे शांतता झाली. (कूलर चालूच होते. शांतता आभाळात होती.) आजोबांनी वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मग धुळीचा लोट आला. मैदानावरच्या खुर्च्या आपणहून चालू लागल्या. वीज कडाडली, फांदी तारेवर पडली आणि जिथून दूरदूर वीज जायची त्या आमच्या वसाहतीत दिवे गेले! बुंदीची परात उडाली ती बँडवाल्याच्या ढोलावर जाऊन वाजली. आणि पाठोपाठ गारा! बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. वर मांडव नाही, नुसते बांबू! लोकांनी खुर्च्या डोक्यावर घेतल्या आणि वाट फुटेल तिकडे, दिसेल त्या क्वार्टरमध्ये शिरले.

एका मिनिटात माझं लग्नघर आळीभर विखुरलं. नवरदेव रामटेकेबाईंच्या स्वयंपाकघरात. लग्न लावणारे गुरुजी समोरच्या घरी, बाजेखाली. बँड वाचनालयात. आणि नवरी? नवरी कुठेच दिसेना.

मी डोक्यावर परात धरून आळीभर धावले. "सुजाता! सुजाता!" एका घरातून कोणीतरी ओरडलं, "नवरी नाई इथी, वऱ्हाडी आहेत, पाहिजेत का?" आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कसलाच विचार नव्हता, शिस्तशीर तर नाहीच.

ती आमच्याच मागच्या पडवीत सापडली. गळ्याऐवजी हातात हार, पाठ भिंतीला, थर्मामीटरला पदराने झाकून उभी. "गारेने काच फुटली असती ना," म्हणाली. "मग संध्याकाळी काय विचारलं असतंस?"

मी डोक्यावरची परात खाली ठेवली, एवढं आठवतं.

तेवढ्यात विहीणबाई नवरदेवाला दंडाला धरून चिखलातून घेऊन आल्या. मागे गुरुजी, त्यांच्या मागे शिफ्टची मोठी बॅटरी घेतलेले आजोबा. "चला," विहीणबाई म्हणाल्या, "लगन इथीच लावा. आता काऊन थांबता? आभाळ पडाचं होतं थे पडून गेलं."

आणि तुमच्या आईबाबांनी एकमेकांना हार घातले ते माझ्या पडवीत, थर्मामीटरखाली, आजोबांच्या बॅटरीच्या उजेडात. आळीतली माणसं खिडक्यांतून, कुंपणावरून, डोक्यावर खुर्च्या धरून पाहत होती. सगळ्यांनी "साधू, साधू, साधू" म्हटलं तेव्हा पाऊस थांबला होता. हवा अशी झाली होती की काय सांगू! ओल्या मातीचा वास, पानांतून थेंब, अंगावर गार झुळूक. पोट्ट्यांनी अंगणातल्या गारा वेचून धुतल्या आणि पन्ह्याच्या पिंपात ओतल्या. असं थंडगार पन्हं कोणत्याच लग्नात मिळालं नसेल.

विहीणबाईंनी दोन पेले संपवले, ओली पत्रिका उलगडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पाह्य बाप्पा! बाईनं लिवलं तसंच झालं. हवा सुखद हाये!"

त्या एका वाक्याने त्यांनी माझी लाज राखली. शिवाय निघताना कमरेचा कांदा काढून माझ्या हातात ठेवला. "ठेवा बाई, आहेर."

बस निघाली तेव्हा दिवे आले नव्हते. तुमची आई खिडकीशी बसली होती. मी फाटकात उभी, हातात कांदा. मोठ्याने रडले असते तर लोकांनी कांद्यावर ढकललं असतं, तेवढी सोय होती. बस हलली आणि तिने डोकं बाहेर काढून ओरडून विचारलं, "आई, आज किती?"

मी ओरडून आकडा सांगितला. थर्मामीटर मागच्या पडवीत, मी पुढच्या फाटकात, डोळ्यांपुढे सगळं धूसर! तरी अगदी ठामपणे सांगितला. आजोबा शेजारी उभे होते. "बरं," म्हणाले.

मुलांनो, ते थर्मामीटर अजून आहे. पोळ्या लाटताना अजूनही तोंडातून निघून जातं, "आज किती?" फ्रिज तेवढा गुरगुरतो. मग मी फोनवर परदेशातल्या तुमच्या गावचं हवामान बघते आणि तुमच्या आईला सांगते, आज छत्री घे. ती म्हणते, "आई, इथे बर्फ पडतोय."

या वर्षी तुम्ही येतो म्हणालात. कधी यावं, असं विचारलंत. मी सगळे आलेख काढून नीट अभ्यास केला आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात या. हवा सुखद राहील, मी लिहून देते.

कांदा मात्र खिशात ठेवा.