भागिरथामावशीची दहा बोटं

भागिरथामावशी साठीची, मी चोवीस वर्षांची. तरी गावात आम्हाला मैत्रिणीच म्हणतात. तिच्या ओट्यावर बसून मी तिला पुस्तकं वाचून दाखवते. कंटाळा आला की ती म्हणते, "हे मानूस लयच बोलते व पल्लवे. पुढचं वाच."

आमचं गाव शेलूबाजारपासून चार किलोमीटर आत. बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर वाटतात. सतरा वर्षं ती खीर मावशीच करते. तिची रीत ठरलेली. आदल्या संध्याकाळी भात शिजवायचा, परातीत पसरून निववायचा, हाताने गुठळ्या मोडायच्या. मग तो मोठ्या गंजात आटवलेल्या दुधात कालवायचा आणि गंजाच्या तोंडावर फडकं बांधून रात्रभर ठेवायचा. खीर मुरली पाहिजे. सकाळी साखर घालून पुन्हा खळखळ उकळायची.

उकळण्यावर तिचा फार विश्वास. तीस वर्षांपूर्वी गावात हगवण आली आणि तिची धाकटी मुलगी दोन दिवसांत गेली. पाणी उकळून प्यायला हवं होतं, असं नर्स नंतर म्हणाली. तेव्हापासून मावशी घरोघर सांगत फिरली, "उकयलं का मेलं सारं." गावात नवी सून आली की मावशी तिच्या चुलीवर पाण्याचं पातेलं आहे का ते बघून यायची.

गेल्या वर्षी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी चुलीत पऱ्हाटी घालताना तिच्या बोटात काडी घुसली. नखाच्या कडेला पू धरला. तिने हळद लावून चिंधी बांधली. खिरीच्या संध्याकाळी मात्र ती चिंधी सोडली आणि साबणाने दोनदा हात धुतले.

"मावशी, राहू दे ना बांधलेलं," मी म्हटलं.

"चिंधीचा हात खिरीत घालू? लोकं काय म्हनतीन?"

दुसऱ्या दिवशी दहाला खीर वाटली. साडेबाराच्या सुमारास पहिली उलटी झाली, विहाराच्या पायरीवरच. मग घराघरांतून. दोनपर्यंत एक्केचाळीस माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तालुक्याला गेली. सगळी वाचली. विहार समितीचे शेषराव तेवढे दोन दिवस सलाइनवर होते.

दूध बाबूलालचं होतं. पलीकडच्या तांड्यावर त्याच्या चार म्हशी आहेत. संध्याकाळपर्यंत गावाने ठरवूनही टाकलं की दुधातच काहीतरी होतं. सकाळी त्याची मोटारसायकल दारोदार थांबली आणि भरले कॅन घेऊन परत गेली.

"काय टाकलं होतं रे?" कुणीतरी विचारलं.

"त्याच दुधाचा च्या माह्या घरी झाला," तो म्हणाला.

कुणी ऐकलं नाही. मावशीनेही नाही. "उकयलेल्या खिरीत जंतू कुठून येतीन?" ती चारचौघांत म्हणाली. "त्यानंच पावडर टाकली अशीन."

आरोग्य केंद्राच्या डॉक्टर योगिनी पौर्णिमेच्याच दिवशी येऊन गेल्या होत्या. गंजाच्या तळाची खीर त्यांनी तपासायला नेली. मावशीचं बोट पाहून कापसावर थोडा पूही घेतला. नऊ दिवसांनी आम्ही पट्टी बदलायला गेलो तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं.

"खिरीत आणि बोटात एकच जंतू निघाला, मावशी."

"पन म्या उकयली ना."

"उकळल्यावर जंतू मेले. पण आधी रात्रभर त्या उकाड्यात ते वाढले, आणि वाढता वाढता त्यांनी विष सोडलं. ते विष उकळून जात नाही."

मावशीने ते पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, "अन् दूध?"

"दूध चांगलं होतं."

अहवालात कुणाचं नाव नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं.

ऑटोत मावशीने पट्टीचं बोट पदराखाली धरलं होतं. "सतरा वर्सं," ती एकदाच म्हणाली. तिच्यासाठी ही खीर काय होती ते मला माहीत होतं. म्हणून मी म्हटलं, "मावशी, कोणाला कळणार नाही."

"बाबूलालले कयलं पायजे ना."

रविवारी विहारात वंदनेआधी तिने शेषरावांना सांगितलं. ते कुजबुजले, "जाऊ दे ना भागिरथाबाई. चार दिवसांत इसरतीन लोकं."

"तवर त्याच्या म्हशी दूध द्याच्या थांबतीन काय?"

वंदना झाल्यावर तिने माइक मागून घेतला.

"पूर्निमेची खीर माह्या बोटानं नासली. हे बोट. बाबूलालचं दूध चोख होतं. म्या बी त्याच्यावर आळ घेतला. उकयलं का मेलं, असं म्या तुमाले तीस वर्सं सांगितलं. पानी उकयत राहा. पन जंतू मरते, त्याचं इख राह्यते. दुखऱ्या हातानं रांधू नका. रांधलेलं रातभर ठेवू नका."

तिने माइक शेषरावांच्या हातात परत दिला.

तिथून ती पायीच तांड्यावर गेली. मी मागे. बाबूलालची बायको धनीबाई दारातच होती. तिने बाज टाकली. मावशीने सगळं पुन्हा सांगितलं.

"तुमी बी पावडर म्हनलं होतं, मावशी," बाबूलाल म्हणाला.

"हाव. म्हनलं."

त्याने धनीबाईला चहा ठेवायची खूण केली. मग म्हणाला, "च्या घ्या. त्याच म्हशीच्या दुधाचा हाय."

मावशीने कप दोन्ही हातांनी धरला आणि तळापर्यंत प्यायली.

दुसऱ्या सकाळी त्याच्या कॅनखाली पहिलं पातेलं मावशीचं होतं. मग शेषरावांचं. सगळी दारं उघडायला महिना गेला.

यंदा तिने खीर करायला नकार दिला होता. पण तांदूळ किती, दूध किती, विचारायला पोरी दहादा आल्या, तेव्हा ती वैतागून उठली. भात पहाटे शिजवला. गुठळ्या पळीने मोडल्या.

बाबूलाल दूध घेऊन आला. कॅन मात्र खाली उतरवेना.

"आधी हात दाखवा, मावशी."

पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. मावशीने दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे, मग पालथे. त्याने एकेक बोट नीट पाहिलं.

"नखं वाढली."

"कापतो रे बाप्पा. उतरव आता."

मी नेलकटर आणायला घरी धावले.

खीर मुरलेली नव्हती. दोघा-तिघांनी तसं बोलून दाखवलं. मावशीने ऐकून घेतलं आणि त्यांच्या वाटीत आणखी एक पळी वाढली.