एका नंबरावर एकच नाव

फुकट हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. चळवळीत पत्रकं लिहून-वाटून लागलेली सवय आहे ती. फुकट शिबिर, फुकट तपासणी, फुकट बियाणं. प्रत्येकामागे कुणीतरी काहीतरी मोजत बसलेला असतो. म्हणून आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत एका कंपनीचा माणूस पांढरा शर्ट घालून आला आणि ऑनलाइन चाचण्यांचं ॲप अगदी मोफत म्हणाला, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. राहतो नांदेडला, पण लोह्याजवळच्या या गावाची बैठक चुकवत नाही.

त्यानं वर्गातल्या टीव्हीवर प्रश्न दाखवला. उत्तर बरोबर आलं की फुगे फुटायचे, टाळ्या वाजायच्या, पहिल्या आलेल्याच्या नावावर सोनेरी मुकुट बसायचा. मंडळी खूश.

"पालकांचे मोबाइल नंबर घेणार. ते पुढं कुणाकडं जाणार?" मी विचारलं.

"सर, तुम्ही फार निगेटिव्ह विचार करता," तो हसून म्हणाला.

"त्याचं मनावर घेऊ नका," अध्यक्षांनी त्याची समजूत काढली. "हा पत्रकं वाटून राहिला, त्याला लग्नाच्या पंगतीतबी घोटाळा दिसतो. फुकट हाय ना? लावा."

लागलं. सातवीच्या वर्गात महिनाभर वापरून बघायचं आणि मग कायमचं काय निवडायचं ते ठरवायचं, असं ठरलं. रोज संध्याकाळी मुलांनी घरच्या फोनवर चाचणी सोडवायची. शिवाय वर्गशिक्षिका मॅडमनी जाहीर केलं की महिनाअखेर जी दोन मुलं वर असतील, त्यांची नावं उन्हाळ्यातल्या लातूरच्या मोफत वर्गाला पाठवायची. लातूर म्हटलं की आमच्याकडं काय होतं, ते सांगायला नको. पोरगं लातूरला गेलं म्हणजे आईबाप त्याला अर्धा डॉक्टर धरूनच चालतात.

पहिल्याच आठवड्यात मुकुट आमच्या घरात आला. थोरल्या दादांचा मुलगा पहिला. वहिनींनी गल्लीत पेढे वाटले. मला ते पचेना. पोरगा गुणी आहे, पण पुस्तक दिसलं की त्याला हमखास तहान लागते.

शनिवारी घरी गेलो. पोरगा खाटेवर आडवा, हातात दादांचा फोन. खाली उंबऱ्याशी मधल्या भावाची मुलगी शेंगा फोडत बसलेली. दोघं एकाच वर्गात. तो प्रश्न वाचायचा, ती मान वर न करता उत्तर सांगायची, तो बोट लावायचा. टाळ्या.

"हे काय चाललंय?"

"ती सांगती, म्या दाबतो," तो म्हणाला, त्यात लपवण्यासारखं काही नसल्यासारखा.

"आणि हिची चाचणी?"

"माझं नाव न्हाई त्यात, काका," ती म्हणाली. "एका नंबरावर एकच नाव बसतं. मोठ्या बाबांनी ह्या दादाचं दिलं."

घरात मोठा फोन तो एकच. मधल्या भावाकडं बटनाचा. मी थोरल्या दादांना गाठलं.

"घरातला एक गेला म्हंजे घर गेलं," ते म्हणाले. "नाव त्याचं काय अन् हिचं काय? पोरगी लातूरात राहणार कुठं?"

माझ्या डोक्यात पत्रकाचं शीर्षक तयार झालं होतं. मुलींची नावं गिळणारं ॲप. कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "सर, नाव आम्ही ठरवत नाही. पालक सांगतात." मला खोटं वाटलं. मी मॅडमकडं गेलो.

"खरंय ते," मॅडम म्हणाल्या. "मी स्वतः घरोघर विचारलं, कुणाचं नाव टाकू? ज्या घरात मुलगा-मुलगी दोघं आमच्या वर्गात आहेत, तिथं सगळ्यांनी मुलाचं सांगितलं. तुमच्या घरानं पण."

शीर्षक गेलं. राग मात्र गेला नाही, नुसता पसरला. ज्यानं हा नियम बसवला, त्यानं चार लेकरांत एक फोन असलेलं घर कधी बघितलं नसेल. आणि आम्ही? राशन कार्डावर जसा घरचा कर्ता पुरुष वर, तसंच इथंही करून मोकळे झालो. नंबर कुठं जातात म्हणून मी ओरडत होतो. नाव कुणाचं लागतंय, हे समितीत एकानं विचारलं नाही.

निवडीच्या बैठकीला पालकही बोलावले होते. मॅडमनी दुसरीच वस्तू काढली. जाड कागदाची कार्डं, प्रत्येकावर काळ्या चौकोनांची वेगळी नक्षी. चार बाजूंना चार अक्षरं. उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड मुलानं धरायचं. मॅडमनी स्वतःचा फोन वर्गावरून फिरवला की कुणी काय धरलं ते त्यात उतरतं. घरचा फोन लागत नाही.

"ह्यात मुकुट येत न्हाई का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही येत. पण हरेक लेकराला आपलं कार्ड मिळतं," मी म्हणालो.

मागून थोरले दादा बोलले, "नांदेडवरनं घरात भांडणं लावायला येतूस व्हय रे?"

"तुमच्या पोराचं कार्ड कुणी काढून घेत न्हाई, दादा."

मंडळी हसली. अध्यक्षांना मात्र एकच मुद्दा पटला: रोज संध्याकाळी रेंज जाते, आणि कार्डाला रेंजची गरज नाही. तेवढ्यावर निवड झाली. मी मॅडमनाही सोडलं नाही. ही उत्तरं कुठं साठतात, विचारलं. हजेरी क्रमांकच टाकतेय, नाव-नंबर काही नाही, असं त्या म्हणाल्या. "सध्या तरी," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच एखादं फसवं ॲप आहे.

ॲपवरचे गुण बाजूला ठेवून लातूरसाठीची चाचणी कार्डांवर नव्यानं झाली. बघायला आम्हीही मागे बसलो. छापील अक्षरं बारीक इंग्रजी होती, म्हणून मॅडमनी प्रेमानं कार्डांच्या पाठीवर स्केचपेननं ठळक अ, ब, क, ड लिहून ठेवलं होतं. झालं. शेजारच्या रांगेतल्यालाही वाचता येईल एवढं मोठं अक्षर. दोन-तीन प्रश्नांतच पुतण्याची नजर पुतणीच्या कार्डावर खिळली, आणि त्याच्यावर त्याच्या रांगेची.

पुढच्या प्रश्नाला तिनं ब वर धरला. त्यानं ब धरला. मागची सगळी रांग ब. मॅडमचा फोन दाराकडून बाकीची कार्डं टिपत शेवटी तिच्याजवळ आला, तेव्हा तिनं ओढणी सारखी केली आणि त्याच हालचालीत कार्ड फिरवलं. ड.

टीव्हीवर ब ची पट्टी उंच गेली. ड ची इवलीशी. बरोबर उत्तर ड होतं.

"तू ब धरला होतास," पुतण्या कुजबुजला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"व्हय. तुझ्यासाठी," ती म्हणाली.

त्या दिवसानंतर नावं ठरली. त्यात ती होती, तो नव्हता. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. थोरले दादा मात्र मी नांदेडला निघालो तेव्हा एस.टी.पर्यंत आले. गाडी दिसल्यावर म्हणाले, "लातूरात पोरींची राहायची सोय हाय का, विचार बरं."

मी लातूरच्या वर्गवाल्यांना फोन करून विचारलं. "अगदी उत्तम सोय आहे, सर, आणि मोफत," पलीकडचा म्हणाला.

"मी येऊन बघतो," म्हणालो.