अडखळणारा लाल दिवा

तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात मी दाबमापक आणि तापमापक दुरुस्त करण्याचं काम करते. बिघडलेली वस्तू उघडायची, साफ करायची, पुन्हा चालती करायची. हाताला लागलेली ही सवय सुट्टीच्या दिवशीही गप्प बसू देत नाही. त्यातूनच मला जुन्या दिव्यांचा नाद लागला. दिवे म्हणजे आगीच्या बंबावर, रुग्णवाहिकेवर, पोलिसांच्या जीपवर गरगरायचे ते. आता सगळीकडे चपट्या पट्टीतले लुकलुकणारे एलईडी आलेत. पूर्वीच्या दिव्यात बल्ब जागच्या जागी जळायचा आणि त्याच्याभोवती छोटा वाकडा आरसा फिरायचा. कामोठ्यातल्या आमच्या फ्लॅटच्या बंद बाल्कनीत असे अकरा दिवे होते. नवरा त्यांना "तुझी वरात" म्हणायचा.

हे दिवे मला बहुतेक कळंबोलीच्या एका भंगारवाल्याकडून मिळत. तो इथलाच, खाडीकाठच्या गावातला. त्याची भातशेती गेली आणि त्या जागेवर त्याने भंगाराचं आवार टाकलं. तीन वर्षांपूर्वी एकदा त्याने फोन केला, "ताई, तुमच्यासाटी एक चीज ठेवलीय. बंबावरची हाय. दुसऱ्या कोनाला दाखवली नाय."

ती चीज म्हणजे जाड तांबड्या काचेच्या घुमटाचा दिवा. काच शाबूत होती, बाकी सगळं गेलेलं. तळाचं अॅल्युमिनियम पांढरं फुटून आलं होतं, मोटर जळलेली, आरशावर काजळी. चार महिने मी त्याच्या मागे होते. पितळी कडं चिंच-मिठाने घासलं. दुसऱ्या एका मोडक्या दिव्याची मोटर बसवली. मोटर आणि आरसा जोडणारं रबर मात्र कुठेच मिळेना. शेवटी शिलाई मशीनचं रबर कापून मापाचं केलं आणि चिकटवलं. दिवा फिरायला लागला, पण रबराचा तो जोड पुलीवर आला की आरसा किंचित अडखळायचा. दोन फेऱ्या नीट, तिसरीला ठेच. मी वहीत लिहून ठेवलं, "रबर मिळाल्यावर बदलणे." ते मिळालंच नाही.

त्याच वर्षी नवऱ्याची बायपास झाली. भर दुपारी त्याच्या छातीत कळ आली तेव्हा समोरच्या विंगमधला एक शेजारी धावून आला. पस्तिशीतला माणूस, आईबरोबर राहायचा, भाड्याने गाड्या द्यायचा त्याचा धंदा होता. त्याने नवऱ्याला अक्षरशः उचलून गाडीत घातलं. पुढचे पंधरा दिवस हॉस्पिटलच्या वाऱ्या त्याच्याच गाडीतून झाल्या. त्यामुळे गेल्या गणपतीच्या आधी तो दारात येऊन म्हणाला, "काकू, मंडळाच्या देखाव्यात बंब दाखवायचाय. तुमचा तो लाल दिवा देता का?" तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

दोन दिवसांनी तो पुन्हा आला. "मांडवात लाइटचा भरवसा नाही. गाडीच्या बॅटरीवर चालेल असं करता येईल का?"

मी करून दिलं. लांब वायर जोडली, टोकाला गाडीच्या सिगारेट-लायटरच्या खाचेत बसणारी पिन लावली. टपावरून घसरू नये म्हणून त्याने तळाला लोहचुंबकही बसवून घेतलं. मांडवात टप कुठला, हे मी विचारलं नाही. खासगी गाडीवर असा दिवा लावता येत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही विचारलं नाही.

विसर्जन झालं, नवरात्र आलं, दिवा परत आला नाही. "मंडळाच्या पेटीत आहे," "चावी खजिनदाराकडे आहे," "या रविवारी नक्की." मी दोनदा आठवण करून दिली आणि मग संकोच वाटून विषय सोडला.

दिवाळीच्या आधी मी कळंबोलीला गेले होते. भंगारवाल्याने चहा मागवला. आवाराबाहेर ट्रेलर लागले होते आणि एक ड्रायव्हर तावातावाने त्याला काहीतरी सांगत होता. द्रोणागिरीला, बंदराजवळच्या गोदामांच्या रस्त्यावर, ऐन संध्याकाळी, लाल दिव्याची गाडी आडवी घालून तिघे ट्रेलर थांबवतात, साहेब असल्याचं सांगतात, कागद मागतात आणि पैसे घेऊन सोडतात, असं तो म्हणत होता.

"असतील खरेच साहेब," भंगारवाला म्हणाला.

"खरे कसले! माझ्या पुढच्या ट्रेलरवाल्याने ओळखपत्र मागितलं तर त्याला कानफटवलं. तो बिचारा घाबरून रस्ता ओलांडून पळाला, तर पलीकडून टेम्पो आला. मांडीचं हाड मोडलंय त्याचं. आणि दिवा तरी कसला, भंगारातला! पिच्चरमधल्यासारखा गरगर फिरतो, मधेच अडकतो, परत फिरतो. लंगडा दिवा."

मी चहाचा कप खाली ठेवला. भंगारवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तो दिवा त्यानेच मला दिला होता, आणि अडखळतो म्हणून रबरही मी त्याच्याकडे शोधलं होतं.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "लंगडा दिवा जगात एकच असतो का?"

"असा एकच आहे. मीच लंगडा केलाय."

"मग दिवा तुझा, वायर तुझी, पिन तुझी. पोलीस आधी कुणाला धरतील? नोकरीचा विचार कर. आणि ज्याने मला उचलून नेलं, त्याच्यावर तू बोट दाखवणार?"

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी मंडळाच्या खजिनदाराकडे गेले आणि उगाच वर्गणीची चौकशी करता करता देखाव्याचे फोटो पाहायला मागितले. देखावा किल्ल्याचा होता. तोफा होत्या, मावळे होते. बंब नव्हता, दिवा नव्हता.

तिथून परतले आणि लिफ्टचं दार बंद होता होता तो आत शिरला. त्याची विंग समोरची, आमच्या लिफ्टमध्ये त्याचं काही काम नव्हतं.

"काकू, खजिनदाराकडे गेला होतात म्हणे?"

पाच मिनिटंही झाली नव्हती. मी म्हटलं, "वर्गणीचं विचारायचं होतं."

"दिवा ना? आणतो ना. माझ्याकडेच आहे, जातो कुठे?" तो हसला. आमचा मजला आला. त्याने दार धरून ठेवलं, मी बाहेर पडले तरी सोडलं नाही. "काकांना आता टेन्शन नको द्यायला. डॉक्टरांनी सांगितलंय ना? मी होतो तेव्हा तिथे."

ही काळजी होती की धमकी, हे मला आजही ठरवता येत नाही. मी चावी लावायच्या आतच नवऱ्याने आतून दार उघडलं. त्याने माझं तोंड पाहिलं, काय झालं ते ऐकलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "उद्या सुट्टी टाक. मी पण येतो."

सकाळी अकरा वाजता आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. मी दुरुस्तीची वही आणि दिव्याचे फोटो नेले होते. फौजदारांनी सगळं ऐकून घेतलं, वही चाळली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ही लायटरची पिन कुणी बसवली?"

"मी."

"लोहचुंबक?"

"मीच."

"कशासाठी, ते विचारलं नाहीत?"

"देखाव्यासाठी म्हणाला."

"देखाव्यातल्या बंबाला लायटर असतो का, मॅडम?"

आम्हाला बाकावर बसवून ठेवलं. एक वाजला, दोन वाजले. मधूनच कुणी येऊन तेच प्रश्न वेगळ्या क्रमाने विचारून जाई. अजून कुठेकुठे दिवे दिलेत? घरात किती आहेत? विकता का? नवऱ्याने गोळी घेतली आणि रिकामं पाकीट नीट घडी करून खिशात ठेवलं. ते बघून मला वाटलं, उठावं आणि म्हणावं, माझी चूक झाली, मला काहीच माहीत नाही. तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात फौजदारांनी आत बोलावलं.

त्यांनी द्रोणागिरीच्या बाजूच्या ठाण्यात चौकशी केली होती. तिथे ट्रेलरवाल्यांच्या तीन तक्रारी होत्या आणि दोघांनी दिव्याबद्दल तेच सांगितलं होतं. अडखळतो.

"त्याला फोन लावा," ते म्हणाले. "दिवा आजच हवाय म्हणा. कारण तुम्हाला सुचेल ते सांगा. स्पीकर चालू ठेवा."

मी आयुष्यात इतकं सरळ खोटं कधी बोलले नव्हते. म्हटलं, "अरे, एक जण पुण्याहून दिवे बघायला येतोय आज. लाल दिव्याशिवाय काय दाखवू त्याला?"

पलीकडे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग, "काकू, आधी बोलायचं ना! पाच वाजता गेटवर या, देतो."

पाच वाजता मी सोसायटीच्या गेटजवळ उभी होते. मुलं सायकली फिरवत होती. भाजीची हातगाडी लागली होती आणि तिच्याभोवतीच्या माणसांत दोघे साध्या कपड्यांतले पोलीस होते, एकाच्या हातात मेथीची जुडी. नवऱ्याला मी वर पाठवलं होतं, तो खिडकीतून पाहत होता. मला तेव्हा गुन्ह्याचं, ट्रेलरवाल्याचं काहीच आठवत नव्हतं. एकच वाटत होतं, येऊ नको. आज येऊ नको.

तो आला. गाडी गेटबाहेर लावली, मागचं दार उघडलं आणि दिवा एका धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून दोन्ही हातांनी धरून आणला. काच पुसलेली होती. पितळी कड्यावर बोटाचा डागसुद्धा नव्हता.

"सांभाळून हां काकू, जड आहे," तो म्हणाला आणि माझ्या हातात दिला.

मी "थँक यू" म्हटलं. सवयीने तोंडातून गेलं. तेवढ्यात मेथीची जुडी हातगाडीवर परत पडली आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोघे उभे राहिले. त्याने हिसका दिला नाही, आरडाओरडा केला नाही. आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वर आमच्या खिडकीकडे. मुलांच्या सायकली थांबल्या. माझ्या हातातला दिवा पोलिसांनी टॉवेलासकट काढून घेतला.

त्याच्या घरात आणि गाडीत ट्रेलरवाल्यांकडून काढून घेतलेली कागदपत्रं आणि खोटी ओळखपत्रं सापडली. बाकीचे दोघेही आठवड्याभरात मिळाले. मला आरोपी केलं नाही, साक्षीदार केलं. फौजदारांनी मात्र बजावलं, "दिवे दुरुस्त करा, घरात ठेवा. पण कुणाच्या गाडीला पिन लावून देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात त्याची आई. केस विंचरलेले नव्हते, पायात चप्पल नव्हती. मी "या ना आत" म्हटलं, ती आली नाही.

"तो चुकला. मी त्याची बाजू घ्यायला नाय आले," ती म्हणाली. "पन तुमी आधी माझ्याकडं का नाय आलात? मी त्याच्या कानफटात मारून दिवा तुमच्या दारात आनून टाकला असता."

मी म्हणू शकले असते की एका माणसाचं हाड मोडलंय, ते कानफटात मारून सांधलं नसतं. ते खरंही होतं. पण तिच्याकडे जायचं मला सुचलंच नव्हतं, हेही तितकंच खरं होतं. ती जिना उतरून गेली. लिफ्ट मजल्यावरच उभी होती.

महिन्याभराने मी भंगारवाल्याला घेऊन त्या जखमी ड्रायव्हरकडे गेले. कळंबोलीत एका खोलीत तो आणि त्याचे चार गाववाले राहायचे. पाय उशांवर ठेवून तो पडला होता. माझ्यापेक्षा थोडा लहान, बोलायला शांत. भंगारवाल्याने ओळख करून द्यायच्या आतच मी म्हटलं, "तो दिवा माझा होता. मीच चालू करून दिला होता."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी? बाई दिवे बनवतात?"

"दुरुस्त करते."

"चांगला बनवलेला," तो म्हणाला. "लांबून अगदी खरा वाटला. म्हनून तर थांबलो मी. बाकीच्या खोट्या गाड्या आमी ओळखतो." मग गाववाल्याला त्याने चहा टाकायला सांगितलं. मी नको म्हणत होते, पण त्याने ऐकलं नाही. चहा होईपर्यंत आम्ही त्याच्या पायातल्या सळीबद्दल बोललो, डॉक्टर ट्रेलर पुन्हा चालवायला कधी देतील त्याबद्दल बोललो. क्लच दाबता येईल की नाही, ही त्याची खरी चिंता होती. मला माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही ते मागितलं नाही.

खटला चालू आहे. दोन तारखांना मी जाऊन आले, दोन्ही वेळा पुढची तारीख मिळाली. कोर्टाच्या व्हरांड्यात तो शेजारी दिसला, खूप वाळलाय. आई त्याच्यासाठी डबा घेऊन आली होती. माझ्या नवऱ्याने तिला बसायला जागा करून दिली. ती बसली. आम्ही तिघं एकाच बाकावर, नाव पुकारलं जायची वाट पाहत, दुपारपर्यंत बसलो होतो.